बापूंच्या लॅपटॉपचा निकाल

बापूंनी लॅपटॉपची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि चहा यायच्या आधीच सांगून टाकले की हे यंत्र उद्या भंगारात जाणार. सांगलीच्या गणपती मंदिराच्या बाजूने कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आमचा कट्टा आहे. त्या संध्याकाळी आम्ही पाच जण जमलो होतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या, तेव्हापासून हे प्रकरण घरोघरी चालू असल्यामुळे बापूंना फारसे पाल्हाळ लावावे लागले नाही. लॅपटॉप २०१७ सालचा, त्यावर विंडोज ११ बसत नाही, आणि दुकानदाराने "नवाच घ्या" असे सांगितले, एवढ्यात त्यांची हकिगत संपली.

"बिघडलाय काय यात?" इक्बालभाईंनी विचारले.

"काहीच नाही. हळू चालतो, पण चालतो."

"म्हणजे यंत्र बिघडलेले नाही, कंपनीचे लक्ष दुसरीकडे गेले आहे. त्यात या बिचाऱ्याचा काय दोष?"

इक्बालभाई मिरजेचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे घडवले गेले. ते स्वतः गेली वीस वर्षे संगणकदुरुस्ती करतात, पण हात अजूनही कारागिराचाच आहे. पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढून त्यांनी तो उलटा केला, खालच्या पट्टीवरचा क्रमांक वाचला आणि म्हणाले, "सातव्या पिढीचा प्रोसेसर. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढच्यांनाच घरात घेते. त्याशिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. तुमचा लॅपटॉप एका पिढीने चुकला, बापू. आमच्या घरी तंबोऱ्याचा आवाज बसला की जवारी काढतात, भोपळा उकिरड्यावर टाकत नाहीत. यात विंडोजच्या जागी लिनक्स घाला, तीही संगणक चालवणारी प्रणालीच, आणि फुकट."

हे ऐकताच विकासरावांना राहवले नाही. विकासराव विम्याचे काम करतात. त्यांचे मॅकबुक बाहेर येण्याआधी पिशवीतून रुमाल बाहेर येतो. तो कट्ट्यावर अंथरला जातो, त्यावर मॅकबुक ठेवले जाते, आणि झाकणावरचे सफरचंद रस्त्याने जाणाऱ्यांना दिसेल अशा बेताने ते उघडले जाते. त्यावर ते हप्त्यांची यादी पाहतात आणि खात्री करण्यासाठी तीच यादी पुन्हा फोनवर पाहतात.

"मी तुम्हाला किती वर्षे सांगतोय, मॅक घ्या, मॅक घ्या," ते म्हणाले. "एकदा इकोसिस्टीममध्ये आलात की बाहेर जावेसे वाटत नाही. माझा फोन, माझे घड्याळ, माझा लॅपटॉप, सगळे एकमेकांशी बोलतात."

"एकाच कंपनीचा फोन, तिचेच घड्याळ, तिचाच लॅपटॉप," इक्बालभाई म्हणाले. "आमच्याकडे याला सगळे दागिने एकाच सावकाराकडे ठेवणे म्हणतात."

माझी भाची मुग्धा यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती हसली, पण लगेच तिने विकासरावांची बाजू सावरली, आणि ते योग्यच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम १ चिपवरचे लॅपटॉप आणले, तेव्हापासून त्या किमतीच्या लॅपटॉपकडून लोकांच्या अपेक्षाच बदलल्या. मॅकबुक एअरमध्ये पंखा नाही, बॅटरी दिवसभर पुरते, व्हिडिओ जुळवताना यंत्र तापत नाही. "माझ्या मैत्रिणीकडे आहे, मी वापरून पाहिला आहे, इक्बालकाका. यंत्र म्हणून त्याला नाव ठेवता येणार नाही. फक्त रॅम चिपसोबतच जोडलेली असते, म्हणून घेतानाच नीट ठरवून घ्यावी लागते, नंतर वाढवता येत नाही. आणि माझ्यापुरते म्हणाल तर मला तो चालणारच नाही, कारण आम्हाला यंत्रांचे आराखडे काढायला सॉलिडवर्क्स लागते आणि ते विंडोजवरच चालते."

"बघा," इक्बालभाई म्हणाले, "हिने आधी काम सांगितले आणि मग यंत्र. बाकीचे आपण सगळे आधी यंत्र घेतो आणि मग त्याच्यासाठी काम शोधतो." मग ते विकासरावांकडे वळले. "तुमचे मॅकबुक कधीचे?"

"मार्च २०२०. लॉकडाऊनच्या आधी आठ दिवस."

"वर कोपऱ्यात सफरचंद आहे, त्यावर टिचकी मारा आणि पहिली ओळ उघडा."

विकासरावांनी उघडली. आम्ही सगळे वाकलो. छोट्या चौकटीत यंत्राचे चित्र होते, त्याखाली मॅकबुक एअर आणि प्रोसेसरपुढे इंटेल असे लिहिले होते. विकासरावांनी ती चौकट बंद केली, पण ती सगळ्यांनी वाचली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही मॅकच्या प्रणालीची आवृत्ती इंटेलच्या एकाही मॅकबुक एअरवर बसत नाही, आणि इंटेलच्या ज्या थोड्या मॅकवर ती बसते त्यांच्यासाठीही ती शेवटचीच आहे, हे ॲपलने जूनमध्येच जाहीर केले होते. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी काही काळ मिळतील, हे इक्बालभाईंनी प्रामाणिकपणे सांगितले. पण बापूंच्या लॅपटॉपला आठव्या वर्षी निरोप मिळाला आणि विकासरावांच्या मॅकबुकला पुढची पायरी साडेपाच वर्षांतच बंद झाली, हा हिशोब कट्ट्यावर सगळ्यांना कळला.

"तरी मला अजून तसा काही संदेश आला नाही," विकासराव म्हणाले.

"हप्ता चुकला की तुम्ही तरी लगेच कळवता का?" बापूंनी विचारले, आणि तो विषय तिथे थांबला.

बापूंचा स्वतःचा मुद्दा वेगळा होता, आणि माझ्या मते कट्ट्यावरचा सर्वांत जड मुद्दा तोच होता. ते हळदीचे अडते आहेत. मार्केट यार्डातल्या त्यांच्या पेढीवर टॅली चालते, आणि त्यांचा मुनीम माऊसला हातही न लावता काम करतो. एफ ८ दाबले की विक्री, एफ ९ दाबले की खरेदी, एफ ५ दाबले की दिलेले पैसे. त्याची बोटे पडद्याकडे न बघता चालतात आणि नजर समोरच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर असते. "त्या बोटांना मी आता काय नवीन शिकवू?" बापू म्हणाले. "शिवाय डिजिटल सहीचा टोकन आहे, बिलाचा प्रिंटर आहे. तुझ्या लिनक्सवर टॅली चालते का, ते सांग."

"आडमार्गाने चालवता येते. पण दुसऱ्याच्या हिशोबाची वही मी आडमार्गाने नेणार नाही," इक्बालभाई म्हणाले. "पेढीवर विंडोजच ठेवा, आणि तिथले यंत्र जुने असेल तर नवे घ्या. तिथे मी तुमच्याशी वाद घालत नाही. पण हा पिशवीतला लॅपटॉप पेढीचा नाही, घरचा आहे. घरी तुम्ही करता काय?"

बापूंनी बोटांवर मोजत कामे सांगितली. वीजबिल, बँक, वर्तमानपत्रे, यूट्यूबवरची कीर्तने, वहिनींच्या भिशीची यादी, आणि मुलाचे गेम.

"गेम सोडले तर यातले एकही काम विंडोजवाचून अडत नाही."

"पोरगा तो व्हॅलोरंट खेळतो, तो चालेल का?"

"नाही चालणार. त्याची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही." इक्बालभाई थोडे थांबून म्हणाले, "पण पोरगा यंदा दहावीला आहे ना? मग वहिनींना हे आधी सांगा, निम्मा निर्णय तिथेच होईल."

बापूंना हसू आले, पण ते इतक्या लवकर विरघळणारे नाहीत. त्यांनी जुने उकरून काढले. २००९ साली इक्बालभाईंनी त्यांच्या घरच्या संगणकात उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, घातले होते. त्याच आठवड्यात बापूंचे सासरे आले आणि त्यांना लग्नाची सीडी दाखवायची होती. सीडी लागलीच नाही; पडद्यावर फक्त कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा छोटा प्रोग्राम, नसल्याची सूचना येत राहिली. "सासरे दोन दिवस राहिले आणि परत जाताना म्हणाले, जावईबापूंनी आमच्या मुलीच्या लग्नाचा पुरावाच घालवला. सोळा वर्षे झाली, इक्बाल. मी विसरलेलो नाही."

"चूक माझी होती," इक्बालभाई म्हणाले. "कोडेक वेगळे टाकावे लागत, पेटंटच्या भानगडींमुळे ते सोबत देत नसत, आणि मी घाईत ते टाकले नाहीत. त्याची शिक्षा मी दर दिवाळीला भोगतो आहे."

मग बापूंनी तो प्रश्न विचारला जो मला गेल्या दोन महिन्यांत शाळेतल्या निम्म्या सहकाऱ्यांनी विचारला आहे. यंत्र चालते आहे, तर काहीच का करायचे? आहे तेच विंडोज १० वापरत राहिले तर काय बिघडेल?

इक्बालभाईंनी याचे उत्तर सावकाश दिले. घराच्या दाराला कुलूप तेच आहे, फक्त ते दुरुस्त करणारा आता येणार नाही. चोरांनी नवी किल्ली बनवली तर ती सगळ्या जुन्या दारांना लागेल. २०१७ मध्ये हेच झाले. विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दिली होती, मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम आला, आणि ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नव्हती त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांतले कामसुद्धा त्यात ठप्प झाले होते. "विंडोज १० ला घरच्या वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ घेता येते, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घ्यायची तर घ्या. पण ती मुदतवाढ आहे, उपाय नाही. बँकेचे व्यवहार करणाऱ्या यंत्रावर दुरुस्तीवाचून राहू नका, एवढेच माझे म्हणणे आहे."

इथपर्यंत मी ऐकत होतो. पण या विषयात माझे स्वतःचे एक दुखणे आहे, आणि ते त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच कट्ट्यावर सांगितले.

माझ्या वडिलांनी आमच्या गावाविषयी, नदीकाठच्या मळ्यांविषयी आणि जुन्या पुरांविषयी तीनशे पानांचे लेखन केले होते. २००३ साली मी ते संगणकावर उतरवले. त्या वेळी मराठी टंकलेखनासाठी जे सॉफ्टवेअर मी घेतले होते त्याला डोंगल होते. अंगठ्याएवढे ते कुलूप संगणकाच्या मागे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडतच नसे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले, तळमजल्यावरचा संगणक गेला, आणि त्याच्यासोबत ते डोंगलही गेले. फाइलींची सीडी माडीवर होती, ती वाचली. मला वाटले, लेखन वाचले. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि कंस यांची एक अखंड रांग होती. वडिलांचे एकही वाक्य त्यात दिसत नव्हते. विक्रेत्याकडे गेलो, तर ती आवृत्ती बंद झाल्याचे कळले.

तेव्हा इक्बालभाईंनीच मला समजावले होते की त्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच. जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असत, फॉन्ट काढला की चित्र जाते आणि खाली रोमन उरते. युनिकोड या जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे तसे नाही. तिथे क ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, आणि तो विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर, फोनवर तोच राहतो. इक्बालभाईंनी एका रूपांतरकाने ती तीनशे पाने बरीचशी सोडवली. पण ऱ्य सगळीकडे तुटला होता. सुऱ्या, दोऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांच्या, जिथे जिथे ते अर्धे र होते तिथे भलतेच चिन्ह आले होते. वडिलांच्या लेखनात शेतकरी पानोपानी आहे. मी दीड वर्ष रोज रात्री तासभर बसून ते हाताने दुरुस्त केले.

"म्हणून मला विंडोज की मॅक की लिनक्स हा प्रश्न दुसरा वाटतो," मी म्हणालो. "पहिला प्रश्न हा आहे की आपण जे लिहितो ते उघडण्याची किल्ली कोणाकडे आहे. उद्या यंत्र बदलले, कंपनी बदलली, तरी माझी फाइल मला वाचता आली पाहिजे. वडिलांचे लेखन मी आता ओपन डॉक्युमेंट स्वरूपात ठेवले आहे. ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, लिब्रेऑफिस ते तिन्हीकडे उघडते, आणि त्याला डोंगल लागत नाही."

कट्टा थोडा वेळ गप्प राहिला. विकासरावांनीही मॅकबुक मिटले. मुग्धाने विचारले, "मामा, आजोबांचे ते लेखन मला पाठवाल?" मी ते तिथूनच पाठवले, आणि तिच्या फोनवर ते पहिल्या ओळीपासून व्यवस्थित उघडले.

इक्बालभाईंनी तोवर खिशातून पेनड्राइव्ह काढला होता. "आता बोलणे पुरे, बापू. तुमच्या डिस्कला हात न लावता दाखवतो. आवडले नाही तर पेनड्राइव्ह काढून घेतो, विंडोज जिथल्या तिथे असेल." लॅपटॉप सुरू करताना त्यांनी एक बटण दाबून धरले, पेनड्राइव्ह निवडला, आणि मिनिटभरात लिनक्स मिंटचा पडदा आला. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. बापूंना काही शोधावे लागले नाही. मुग्धाच्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडला, वायफाय लागले. आवाज आला. कॅमेऱ्यात बापूंचा चेहरा दिसला. उजेड वाढवण्याचे बटण मात्र चालले नाही, आणि इक्बालभाईंनी ते लपवले नाही. घरी गेल्यावर त्याचा इलाज पाहू आणि प्रिंटर जोडूनही बघू म्हणाले. हीच रीत मला पटते. जे चालते ते आणि जे चालत नाही तेही घेण्याआधी समोर दिसावे.

"मराठी?" बापूंनी विचारले.

मराठीचा कळफलक जोडून त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. मी इनस्क्रिप्टवर टंकतो. हा कळफलक १९८६ मध्ये सरकारने ठरवला आणि तो तिन्ही ठिकाणी मिळतो, त्यामुळे बोटांना पुन्हा शिकावे लागत नाही. बापूंच्या मुनिमासारखीच माझीही बोटे आहेत. यू दाबले, ह उमटला. शिफ्टसह एन, ळ. ओ, द. पडद्यावर हळद हा शब्द आला. मग मी मुद्दाम शेतकऱ्यांच्या असे लिहिले आणि ऱ्य जवळून पाहिला. तो अखंड होता.

"हे फुकट आहे म्हणता, मग हे चालवते कोण?" विकासरावांनी शंका काढली. "फुकटच्या मालाला जबाबदार कोण?"

"तुमच्या त्या विमा कंपनीच्या ॲपमागचे सर्व्हर बहुधा यावरच चालत असतील. बापूंच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सच आहे, आणि जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळे यावरच आहेत. १९९१ साली हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, हे सुरू केले. आज मोठमोठ्या कंपन्या पगारी माणसे बसवून त्यात भर घालतात. फुकट आहे म्हणजे बेवारस आहे असे नव्हे, विकासराव. कृष्णेचे पाणीही कोणी विकत देत नाही, म्हणून ते बेवारस होते का?"

आपल्याकडे ही शंका येते याचे मला नवल वाटत नाही. २००१ पासून एमएस-सीआयटीच्या वर्गांत सांगली जिल्ह्यातल्या हजारो मुलांनी संगणक शिकला, आणि तो विंडोजच्याच रूपात शिकला. त्यातून नोकऱ्या मिळाल्या, हे खरे आहे आणि मी ते माझ्याच विद्यार्थ्यांत पाहिले आहे. पण केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर शिकतात, आणि त्यांचे काही अडलेले नाही. आमच्या शाळेच्या खोलीत बारा संगणक आहेत, सगळे बापूंच्या लॅपटॉपच्या वयाचे. त्यांना भंगारात काढायचे की त्यांत एसएसडी ही वेगवान डिस्क घालून मिंट बसवायचे, हा निर्णय येत्या महिन्यात व्हायचा आहे, आणि मी त्या बैठकीत काय बोलणार हे मला त्या संध्याकाळी ठरवता आले.

बापू अजून पडद्याकडे पाहत होते. "माझ्या विंडोजमधल्या फाइली यातून दिसतात?"

"दिसतात. कोणती उघडू?"

"लग्नाची. पोराने सीडीवरून उतरवून ठेवली आहे."

इक्बालभाईंनी काही न बोलता व्हिडिओ चालवणारे व्हीएलसी उतरवून घेतले. ते यायला दोन मिनिटे लागली, आणि त्या दोन मिनिटांत इक्बालभाईंच्या कपाळावर जितका घाम मी पाहिला तितका कधी मदरबोर्ड सोल्डर करतानाही पाहिलेला नव्हता. मग फाइल उघडली. आधी सनई ऐकू आली, मग २००४ सालचा मांडव दिसला, फेट्याखाली घाबरलेले बापू दिसले, आणि त्यानंतर कॅमेरा वरातीकडे वळला. वरातीच्या पुढे, डोक्यावर घनदाट केस असलेला एक सडपातळ तरुण दोन्ही हातांत रुमाल घेऊन बँडच्या तालावर जमिनीला पाठ टेकवून नाचत होता.

"हे कोण?" मुग्धाने विचारले.

विकासरावांनी पडदा झाकायला हात पुढे केला, पण बापूंनी तो मधेच धरला. चहावाला ट्रे खाली ठेवून बघायला आला, घाटावरून परतणारे दोघे थांबले, आणि हसण्याच्या गलक्यात बँडचा आवाजही ऐकू येईनासा झाला. इक्बालभाईंनी लॅपटॉप मिटण्याची परवानगी मागितली, तेव्हा बापूंनी नकारार्थी मान हलवली आणि वरात पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितली.